माझ्या कपाळावरची पितळी पाटी

मित्रांनो, मी एक जुनी मोटार लॉरी आहे, आणि उभे राहणे मला कधीच जमलेले नाही.

तुम्ही म्हणाल, लॉरीला त्यात काय जमायचे? हाकली की पळायचे, थांबवली की थांबायचे. पण उभ्या गाडीच्या आत बरेच काही घडत असते. इंजिनातले तेल हळूहळू तळाशी उतरते आणि वरचे लोखंड उघडे पडते. हवेतली ओल ते उघडे लोखंड बरोबर शोधून काढते. टायरचा जो भाग जमिनीला टेकलेला असतो त्याच्यावरच सगळा भार राहतो आणि तो चपटा होत जातो. बाहेरून पाहणाऱ्याला मी स्वस्थ दिसते. आतून मी झिजत असते, आणि असे उभ्याने झिजणे चालून झिजण्यापेक्षा वाईट असते.

अशी मी एकदा मोमिनाबादच्या तहसील कचेरीच्या आवारात उभी होते. आज तुम्ही ज्याला अंबाजोगाई म्हणता, त्या गावाला निजामाच्या राज्यात मोमिनाबाद म्हणत. मला विकणारे समोर होते, घेणारा समोर होता, रक्कम भरून झाली होती, आणि तरीही मी कोणाचीच नव्हते. ती हकिकत मला तुम्हाला सांगायची आहे. पण आधी थोडे मागे जाऊ.

माझे लोखंडी अंग समुद्रापलीकडच्या कारखान्यात घडले. मुंबई बंदरात मी खोक्यांतून उतरले, आगगाडीने हैदराबादेत गेले, आणि तिथल्या सुतारांनी माझ्या पाठीवर सागवानी हौदा चढवला. निजाम सरकारच्या तामीरात खात्याने, म्हणजे रस्ते आणि पूल बांधणाऱ्या खात्याने, मला ठेवून घेतले. कामावर पाठवण्याआधी एका लोहाराने माझ्या कपाळावर, पाणी थंड करणाऱ्या जाळीच्या वरच्या पट्टीवर, एक पितळी पाटी बसवली. शाळेतल्या तुमच्या पाटीएवढी होती ती. वरच्या ओळीत उर्दू अक्षरांत खात्याचे नाव होते आणि खाली माझा आकडा. नाव खात्याचे आणि आकडा माझा, हा फरक तेव्हा माझ्याही ध्यानात आला नव्हता.

परळीपर्यंत आगगाडी येऊन तेव्हा थोडीच वर्षे झाली होती. घाटनांदूरच्या स्टेशनाकडे येणारे रस्ते पक्के करायचे काम निघाले आणि मी खडी वाहू लागले. उस्मानभाई नावाचे ड्रायव्हर मला चालवत. त्यांच्या हाताखाली मला पाणी पाजायला, पुसायला आणि हँडल मारून सुरू करायला एक माणूस होता, बंकट. तो धर्मापुरीचा धनगर. घरची मेंढरे बायको सांभाळायची आणि बंकट रस्त्याच्या कामावर यायचा. रिकाम्या खेपेला उस्मानभाई त्याच्या हातात चाकही देत. त्याच्या हातांना लोकरीचा वास असे. चढ चढून आले की तो माझ्या कपाळावर पंजा ठेवून विचारायचा, "तापलीस का गं?" जनावराला विचारावे तसे. आणि इंजिन कोमट होईपर्यंत तो पाणी घालत नसे. उस्मानभाईंनी त्याला सांगितले होते की तापलेल्या ओतीव लोखंडावर गार पाणी पडले तर ते तडकते.

एकदा बंकट मेंढरांच्या जत्रेला गेला होता, आणि त्याच्या जागी आलेल्या माणसाने घाई केली. माझे इंजिन तडकले. मग दुसऱ्या एका मोडक्या गाडीचे इंजिन काढून माझ्या पोटात बसवले. मी पुन्हा चालू लागले. पण इंजिनावर ठोकलेला आकडा त्या दुसऱ्या गाडीचा होता. माझी ओळख आता फक्त कपाळावरच्या पाटीत उरली. हे ध्यानात ठेवा.

रस्ता पुरा झाला. उस्मानभाईंची बदली झाली आणि खात्याने मला लिलावात काढले.

ही खबर बंकटच्या कानावर आली त्या दिवसापासून त्याला चैन पडेना. मला मिळवायचे तर एकच गोष्ट विकता येण्यासारखी होती, ती म्हणजे कळप. सबंध कळप. त्याची बायको तुळजाबाई त्या कळपातली एकेक मेंढी चेहऱ्याने ओळखायची. त्या दोघांचे बोलणे मी पुढे अनेकदा ऐकले, कारण बंकट ते हसत हसत पुन्हा पुन्हा सांगायचा.

"मेंढरं चरतेत तर पोट भरतंय," तुळजाबाई म्हणाली होती. "ह्या लोखंडाला काय चारतोस? खडी?"

"तेल पितीया ती. घाटनांदूरला माल पोचवायचा, भाडं घ्यायचं. गावोगावची घोंगडी, मिरच्या, सरकी, समदं आता रेल्वेवर जातंय. बैलगाडीला लई येळ लागतो."

"आन् बिघडली तर?"

"मला तिची नाडी ठावं हाय."

तुळजाबाईने कळपावरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाली, "इक. पण उद्या हितं बसून कपाळाला हात लावशील तर मी माहेरच्या कळपामागं निघून जाईन. सांगून ठिवते."

कळप विकला गेला.

लिलाव कचेरीच्या आवारातल्या कडुलिंबाखाली झाला. बोली पुकारायला पेशकार गुलाम दस्तगीर स्वतः उभे होते. पेशकार म्हणजे कचेरीचे कागद सांभाळणारे मोठे कारकून. दस्तगीरसाहेबांची दाढी पांढरी होती, आवाज मोठा होता आणि त्यांना सारखी तहान लागायची. समोर मोहनराव बसले होते. पंचक्रोशीतली निम्मी जमीन त्यांची. बंकटने बोली लावली तेव्हा ते मागे वळले.

"काय बे बंकट, मेंढरं हाकता हाकता मोटार हाकायला लागला का?"

"मेंढरं इकली, मालक."

"मंग आता हिलाच चारायला नेशील व्हय बे? हुर्र हुर्र करत?"

लोक हसले. बंकटही हसला, पण पुढची बोली त्यानेच लावली. मोहनरावांना मी कमी किमतीत हवी होते. जिद्दीला पेटायची त्यांना गरज वाटली नाही. "एक बार, दो बार," असे म्हणत दस्तगीरसाहेबांनी हात खाली आणला, आणि मी बंकटची झाले.

असे मला वाटले. बंकटलाही तसेच वाटले. पण मित्रांनो, लिलावात बोली जिंकणे ही पहिली पायरी असते. त्या बोलीला वरच्या साहेबांची मंजुरी लागते. मग बीडहून तपासनीस येतो, कागदावरचा आकडा आणि गाडीवरचा आकडा जुळवून पाहतो. जुळला की दफ्तरात जुन्या मालकाचे नाव खोडून नव्याचे लिहितात आणि रस्त्यावर भाड्याने चालवायचा परवाना देतात. तोपर्यंत गाडी घरी नेऊन सांभाळायची मुभा असते, माल भरायची नसते. दस्तगीरसाहेबांनी हे सगळे बंकटला समजावून सांगितले. बंकट मान हलवत होता, पण त्याचे डोळे माझ्या चाकांवर होते. शेवटी त्याच्या कानात एवढेच राहिले, "घरी ने."

धर्मापुरीत माझे स्वागत झाले. तुळजाबाईने माझ्या चारही चाकांवर पाणी घातले, कपाळावर भंडारा लावला, आणि ती एकदम थांबली.

"हे काय हाय?"

"सरकारी पाटी. त्यांच्या खात्याची."

"त्यांची खूण अजून हिच्या अंगावर? आन् तशीच घरात आणलीस?"

इथे तुम्हाला या धनगर लोकांची एक रीत सांगायला हवी. मेंढी विकत घेतली की तिच्या लोकरीवरची जुन्या मालकाची गेरूची खूण कातरून टाकतात. गळ्यातली घंटी काढून जुन्या मालकाला परत देतात. परकी खूण अंगावर राहिली तर जनावराचे मन जुन्या कळपाकडे ओढ घेते आणि एक दिवस ते चालत परत जाते, असे ते मानतात. परक्याची घंटी घरात ठेवणेही चालत नाही. ती चोरी होते. आणि विकणाऱ्याने दोर आपल्या हाताने घेणाऱ्याच्या हातात दिल्याशिवाय सौदा पुरा होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या या रीतीने हजारो जनावरे एका घरातून दुसऱ्या घरात गेली, कागदाचा एक तुकडा न लागता.

तुळजाबाईने रीतच पाळली. विळ्याच्या टोकाने तिने माझी पाटी उचकटली. तिचे दोन खिळे निघाले आणि माझ्या कपाळावर दोन भोके राहिली. मला फार हलके वाटले. खरे सांगते, बरेही वाटले. खडी वाहणारी सरकारी गाडी मी आता उरले नव्हते. तिने माझ्या पुढच्या दांडीला एक नवा दोर बांधला आणि त्याला घंटी अडकवली.

"फेकून दे ती पाटी," बंकट म्हणाला.

"परक्याची खूण फेकतेत का? मंगळवारी बाजाराला जायाचंच हाय. कचेरीत देऊन येते."

"कावून? त्यांला काय करायची हाय?"

"त्यांला काय करायची ती त्यांनी बघावं. आपल्या घरात नगं."

पाटीवर हळदीचे बोट लावून, फडक्यात गुंडाळून ती मोमिनाबादला गेली आणि ती पाटी तिने कचेरीतल्या चपराशाच्या हातात दिली. तो म्हणाला, "ठेवतो दफ्तरात." परत आल्यावर ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "जा आता कुठं जायाचं ते. मागचं काई ऱ्हायलं न्हाई."

बीडहून तपासनीस आल्याचा निरोप मिळाला तेव्हा बंकटने मला धुऊन पुसून कचेरीत नेले. त्या दिवशी मी फार खुशीत पळाले. तपासनीस तरुण होता, चष्मा लावलेला, वाईट माणूस नव्हता. त्याने कागद उघडला आणि माझ्यासमोर उभा राहिला. मग वाकला. मग कपाळावरच्या दोन भोकांवरून बोट फिरवले.

"पाटी कुठे आहे?"

बंकटने सांगितले. तपासनिसाने ते दोनदा ऐकून घेतले, कारण एकदा ऐकून ते खरे वाटेना.

"परत दिली? कोणाला? पावती?"

"घंटी परत दिल्याली पावती कोन देतं, साहेब?"

तपासनिसाने इंजिनाचे झाकण उघडले आणि तिथला आकडा पाहिला. तो कागदावर नव्हता. त्याचा चेहरा बदलला. पाटी नसलेली, दुसऱ्याच आकड्याचे इंजिन असलेली गाडी! हीच ती लिलावातली गाडी कशावरून? तिचे सुटे भाग विकून कोणी भलतीच गाडी समोर उभी केली नसेल कशावरून? तो असा विचार करत होता, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही तसाच केला असता. मी मीच होते, पण हे सांगणारी एकच वस्तू माझ्याजवळ नव्हती.

चपराशी शहादेवला बोलावले. मोठ्या मिशांचा, बारीक अंगाचा हा माणूस दारात येऊन उभा राहिला.

"कोणी बाई पाटी देऊन गेली होती का?"

शहादेवने एकदा दस्तगीरसाहेबांकडे पाहिले, एकदा ओसरीकडे. "न्हाई साहेब. मला तर काही याद न्हाई."

हुकूम झाला. पुढच्या पेशीपर्यंत, म्हणजे पुढच्या सुनावणीपर्यंत, पाटी हजर करावी. नाही तर लिलाव रद्द, भरलेली रक्कम सरकारजमा आणि गाडी पुन्हा लिलावात. तोवर गाडी आवारातून हलवायची नाही.

तुळजाबाई तेव्हा गावात नव्हती. भावाचा कळप चरायला दूर गेला होता आणि ती त्याच्याबरोबर होती. तिला शोधून आणायला बंकट पायी निघाला. जाताना त्याने माझ्या कपाळावर, त्या दोन भोकांवर, पंजा ठेवला.

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे त्याने मी आजही अस्वस्थ होते.

मला लिंबाखाली ओसरीसमोर उभे केले होते. ओसरीच्या कोपऱ्यात पाण्याचा मोठा माठ होता. शहादेव दिवसभर त्यातून पाणी काढायचा. कामाला आलेल्या लोकांना वरून ओतायचा. दस्तगीरसाहेब आणि कारकून मात्र आपले आपण घ्यायचे. माठावर पितळेचे चौकोनी झाकण होते आणि झाकणावर पेला उपडा ठेवलेला असे. दुपारी उन्हाची तिरीप ओसरीत शिरली आणि मला त्या झाकणाच्या दोन बाजूंना दोन भोके दिसली.

ती माझी पाटी होती.

शहादेवचा हेतू वाईट नव्हता. दफ्तरात लोखंडाला आणि पितळेला कोण जागा देणार? माठाचे मातीचे झाकण फुटले होते. पाटी बरोबर बसली. सरकारी अक्षरांवर पेला कसा ठेवायचा, म्हणून त्याने मोठ्या आदराने अक्षरे खालच्या बाजूला केली. आणि आता सरकारी वस्तू माठावर घातली म्हणून नोकरी जाईल, या भीतीने तो गप्प झाला होता.

रोज सकाळी तेच चाले. कारकून कपाटे उघडून पाटी शोधायचे, दमायचे, ओसरीत यायचे, पाटी उचलून पाणी प्यायचे, पाटी जागेवर ठेवायचे आणि पुन्हा शोधायला आत जायचे. दस्तगीरसाहेब तर इतरांच्या दुप्पट वेळा यायचे. "या खुदा, गेली कुठे ही पाटी!" असे ते म्हणत, पेला त्या पाटीवर ठेवत आणि मिशा पुसत. मी समोर उभी होते. माझ्या दिव्यांच्या काचा त्या माठावर रोखलेल्या होत्या. माझ्याकडे भोंगा होता, पण तो दाबायला हात लागतो. मला इतके ओरडावेसे वाटे की एका दुपारी उन्हाने माझे पत्रे कडकड वाजले तेव्हा मला वाटले, आता कोणीतरी वळून पाहील. कोणी पाहिले नाही. पत्रे उन्हात वाजतातच.

मोहनराव एकदा येऊन गेले. त्यांनी माझ्या टायरला जोडा मारून पाहिला, हौद्याच्या फळ्या ठोकून पाहिल्या. "पुन्यांदा लिलाव होऊ द्या," ते बरोबरच्या माणसाला म्हणाले. "अर्ध्यात येती का न्हाई बघ." शहादेव त्यांना पाणी द्यायला वाकला, आणि झाकण उचलताना त्याने अक्षरांची बाजू अंगाशी धरली हे मी पाहिले.

माझ्या टायरांत हवा कमी होत गेली. घंटीच्या दोराला चिमण्या चोच मारू लागल्या.

पेशीच्या दिवशी ऊन चढल्यावर बंकट आणि तुळजाबाई आली. तिच्या पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ होती. आत बंकट तपासनिसासमोर उभा राहिला. ती ओसरीच्या पायरीवर बसली आणि तिने शहादेवकडे पाहिले. तिने त्याला ओळखले. त्याने मान फिरवली.

"दादा," ती म्हणाली, "चालून आले. पाणी तरी द्या."

पाणी मागितल्यावर नाही म्हणता येत नाही. शहादेवने पेला उचलला, झाकण उचलले आणि घाईत ते उलटे माठाशेजारी ठेवले. अक्षरे वर आली. माठाच्या ओलीने पितळ हिरवट पडले होते, पण एका कोपऱ्यात हळदीचे पिवळे बोट अजून दिसत होते.

तुळजाबाईने ओंजळ धरली. पोटभर पाणी प्याली. तोंड पुसले. मग हळू आवाजात म्हणाली, "झाकण लई चांगलं हाय, दादा. पितळेचं."

शहादेव उभ्या जागी खाली बसला. "बाई, माजं पोट हाय ह्या नोकरीवर."

"माजं बी हाय की ह्या गाडीवर. कळप इकलाय आमी."

आतून तपासनिसाचा आवाज येत होता. मंजुरी रद्द करण्याचा मजकूर तो सांगत होता आणि कारकून लिहीत होता. टाकाची कुरकुर मला लिंबाखाली ऐकू येत होती.

"मी काई बोलत न्हाई," तुळजाबाई म्हणाली. "माज्या तोंडानं तुमचं नाव जायचं न्हाई. तुमीच उचला आन् आत नेऊन द्या. दफ्तरात घावली म्हणा. पण उटा लवकर."

शहादेवने पाटी उचलली. दोन पावले गेला, थांबला. मला वाटले, हा आता परत फिरतो. माझे सगळे लोखंड ताणले गेले. मग तो आत गेला.

"साहेब, घावली. दफ्तरात होती."

मग दस्तगीरसाहेबांनी पाटी हातात घेतली, उलटून पाहिली आणि त्यांच्या बोटावरून पाण्याचा थेंब खाली पडला.

"शहादेव, दफ्तरात पाऊस पडतो का रे?"

साहेब उठून ओसरीत आले. उघडा माठ पाहिला, हातातली पाटी पाहिली, पायरीवर बसलेली बाई पाहिली. आणि मग ते इतके हसले की त्यांना माठाचाच आधार घ्यावा लागला. "म्हणजे रोज मीच उचलत होतो! चोर मी, तपास करणारा मी, आणि पाणी पिणाराही मीच!" शहादेवला त्यांनी एवढेच सांगितले, "उद्या लाकडी झाकण आण. आणि पुन्हा खोटं बोललास तर त्या माठाशेजारी तुलाच ठेवीन."

तपासनिसाने पाटी माझ्या कपाळाला लावून पाहिली. भोके भोकांशी जुळली आणि आकडा कागदाशी जुळला. दफ्तरातून इंजिन बदलल्याचा जुना शेराही निघाला. रद्द करण्याचा मजकूर त्याने फाडून टाकला आणि म्हणाला, "पाटी आत्ता ठोकून घ्या."

"न्हाई," तुळजाबाई म्हणाली.

बंकटने कपाळाला हात लावला. "अगं, आता काय?"

"इकलेल्या जनावरावर परकी खूण ठिवत न्हाईत. ती परत येती हितंच. आली का न्हाई बघा!" तिने माझ्याकडे हात केला, आणि खरे म्हणजे मी तिथेच उभी होते.

तपासनिसाच्या कपाळावर आठी पडली. दस्तगीरसाहेब मात्र पायरीवर तिच्यापासून थोड्या अंतरावर बसले. "बाई, तुमच्या बैलाच्या अंगावर भोवरा असतो ना? केसांचा?"

"असतो की."

"बैल विकला तर भोवरा कातरता का?"

"तो कसा कातरंल? तो त्याचा त्याला असतो. त्याच्यावरनंच तर बैल वळखायचा."

"मग हे बघा. वरची ओळ आमची खूण. खालचा आकडा हिचा भोवरा. मालक किती बदलले तरी तो तसाच राहतो."

तुळजाबाईने पाटी हातात घेऊन बराच वेळ पाहिली. तिला अक्षर येत नव्हते, पण दोन ओळी वेगळ्या आहेत हे दिसत होते. "मग वरची ओळ काडा. भोवरा ऱ्हाऊ द्या."

लोहाराला बोलावले. छिन्नीने खात्याच्या नावावर एक आडवी रेघ मारली आणि पाटी माझ्या कपाळावर परत बसली. दफ्तरात बंकटचे नाव लिहिले गेले, त्याने अंगठा उठवला. बंकट हँडल मारायला आला, तेव्हा तुळजाबाईने पुन्हा अडवले. दोर सोडून तिने दस्तगीरसाहेबांच्या हातात दिला.

"तुमच्या हातानं द्या, साहेब. तुमचा कागद झाला. आता आमचा होऊ द्या."

साहेबांनी टोपी सारखी केली, दोन्ही हातांनी दोर धरला आणि बंकटच्या हातात ठेवला. या वेळी कोणी हसले नाही. पहिल्याच हँडलला मी सुरू झाले.

पुढची वर्षे माझ्या धावण्याची होती. घाटनांदूरच्या स्टेशनावर मी घोंगड्या नेल्या, सरकी नेली, मिरच्यांची पोती नेली आणि ठसकत परत आले. आष्टीकडची वऱ्हाडे नेली. मोहनरावांची ज्वारीसुद्धा नेली. "हुर्र हुर्र करून हाकतोस का बे?" ते विचारत, आणि बंकट म्हणे, "न्हाई मालक, भाडं दिल्याबिगर हलत न्हाई ती." पाऊस झाला की पोरे माझ्या मागे धावत. दसऱ्याला तुळजाबाई चिंचेने माझी पाटी उजळायची, पण आकड्यावर तिचे बोट हलके फिरायचे. नातवंडे जोरात घासू लागली की ती ओरडायची, "भवऱ्यावर घासू नगंस!"

मग पेट्रोल मिळेनासे झाले. बंकट थकला, आणि एका उन्हाळ्यात तो गेला. त्याच्या दोन्ही मुलांचे माझ्यावर प्रेम आहे. धाकटा म्हणतो, दुरुस्त करू. थोरला म्हणतो, विकू. दोघांचेही बरोबर असेल. पण दफ्तरात नाव अजून बंकटचेच आहे, आणि कचेरीत जायचे ते दर वेळी उद्यावर ढकलतात. म्हणून मला कोणी दुरुस्तही करू शकत नाही आणि नेऊही शकत नाही. मी धर्मापुरीच्या बाहेर बाभळीखाली उभी आहे. तेल खाली उतरले आहे. टायर चपटे झाले आहेत.

काल म्हातारी तुळजाबाई आली होती. तिच्या हातात नवा दोर होता. दोन्ही मुलांना तिने माझ्यासमोर उभे केले आणि म्हणाली, "आधी कचेरीत जाऊन नाव लावा, कोनाचं बी लावा. मग मी माज्या हातानं दोर देते. तवर ही माजी बी न्हाई आन् तुमची बी न्हाई." मुले उद्या जातो म्हणाली. ती दोर उशाला घेऊन माझ्याच हौद्यात निजली.

मित्रांनो, ज्या वस्तूवर तुमचा जीव आहे तिला पुसा, उजळा, हार घाला. पण तिची ओळख घासून टाकू नका. आणि तिचा सांभाळ ज्याने करायचा त्याचे नाव तिला वेळेवर लावा. प्रेम आहे म्हणून ते काम आपोआप होत नाही. त्यासाठी उठून जावे लागते.

पूर्वेकडे उजाडते आहे. थोरला पायात जोडा घालतो आहे, असे वाटते. तुम्हाला तो वाटेत भेटला, तर त्याला सांगा की उभे राहणे मला जमत नाही.